गळ्याचा रंग

पक्षीनिरीक्षणाने माणूस अहिंसक होतो, असं आमच्या मंडळाच्या घटनेतच लिहिलं आहे. ती घटना लिहिणारे आठल्ये सर त्या सकाळी शेवडे वकिलांच्या छातीवर बसले होते.

भांडण समोरच्या ऐनाच्या झाडावरल्या निळ्या माशीमारावरून होतं. गळा नारिंगी असला, तर तो रोजचाच टिकेलचा माशीमार. गळा निळा असला, तर जिल्ह्याच्या यादीतला तीनशेवा पक्षी आणि त्यापुढे शोधणाऱ्याचं, म्हणजे वकिलांचं नाव. दोनशे नव्याण्णवाव्यापुढे सरांचं होतं.

"निळाच होता! या डोळ्यांनी पाहिलाय," वकील खालून गुरगुरले.

"आधी मोतीबिंदू काढून घ्या!" सरांनी त्यांचा गळा आवळला. वकिलांनी दुर्बीण सरांच्या नाकावर हाणली. रक्ताची धार लागली, तरी सरांनी ट्रायपॉड उचलून वकिलांच्या डोक्यात घातला.

"अहो हळू, पक्षी उडेल!" मी म्हणाले. दोघंही ओशाळले आणि पुढची मारामारी त्यांनी आवाज न करता केली.

दवाखान्यात वकिलांना सात टाके पडले. मग त्यांच्या कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. बेचाळीसही फोटोंत पक्षी पाठमोरा आहे आणि पाठीकडून हे दोन्ही माशीमार सारखेच दिसतात.