दगडांतला तो

तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाशी मी भांडलो आणि हरलो. असं काही झालंच नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

साखरपुड्यानंतर फिरायला कुठं जायचं, असं मी विचारलं तर अंकिता मला केम गावाला तिच्या आप्पाकाकांच्या रानात घेऊन गेली. तिथं मोठमोठ्या दगडांचं एक वर्तुळ आहे आणि मधोमध जुन्या काळी कुणालातरी पुरलेलं आहे.

"एवढे दगड ओढत आणले! किती जीव असेल ह्याच्यावर कुणाचा," ती म्हणाली. मग मी सोलापुरातनं आणलेला गजरा तिनं केसांतून काढला आणि त्याच्या दगडावर ठेवला.

"मी मेल्यावर तू किती दगड आणशील?" मी विचारलं.

"तू आधी मर की, मग बघू."

मी एका दगडाला खांदा लावला. बांधावरून आप्पाकाका ओरडले, "जावयबापू, ऱ्हाऊ द्या की! त्यो न्हाय हलायचा. लई जुना हाय."

परत येताना गजरा तिथंच राहिला.

तरी पुरातत्त्व खात्यास नम्र विनंती की, सदर मयत इसम विवाहित होता व संसारात सुखी होता, असा दाखला आमच्या लग्नाच्या तारखेपूर्वी मिळावा.