चार बोटं

क्लाइव्ह भर रस्त्यात उकिडवा बसला आणि डग्लसच्या सायकलच्या मागच्या मडगार्डाखाली त्याने आपली चार बोटं आडवी धरली. लोंबणारी रबरी पट्टी आणि डांबर यांच्यामध्ये ती सहज मावली. वर आणखी चार मावली असती. क्लाइव्हच्या पोटात गुदगुल्या झाल्या. या क्षणाची तो चाळीस वर्षं वाट बघत होता.

"पट्टी तोकडी आहे, डग्लस. शेवटी जा," तो म्हणाला. जमलेल्या चौदाही जणांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.

नियम सायकल क्लबाइतकाच जुना. हिवाळ्यात यॉर्कशरचे रस्ते सदा ओले, वर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आणि मेंढ्यांच्या लेंड्या. पुढच्याच्या चाकाचा राडा मागच्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून पट्टी जमिनीपासून फार तर चार बोटांवर हवी. नसेल त्याने दिवसभर सगळ्यांच्या शेवटी चालवायचं. निवाडा कप्तानाचा, तिथे दाद ना फिर्याद.

चाळीस वर्षांपूर्वी कप्तान डग्लस होता आणि एकवीस वर्षांचा क्लाइव्ह क्लबाबरोबर पहिल्यांदाच निघाला होता. न्यूमोनियातून नुकताच उठलेला. आई नको नको म्हणत होती, पण नवीकोरी पोलादी सायकल दारात उभी असताना घरात बसायचं कोणी? पहिला चढ संपला आणि डग्लसने सगळ्यांना थांबवलं. वाकून चार बोटं धरली. तोकडी आहे पोरा, शेवटी जा, म्हणाला. सगळे फिदीफिदी हसले. पुढचे पन्नास मैल क्लाइव्हने लोकांची ढुंगणं बघत काढले. बरं, त्याला टाकून ते पुढेही जाईनात. नुसते रमतगमत चालले होते, जसे काही त्याला चिडवायलाच. घरी आल्या आल्या त्याने पट्टी मोजली. बरोब्बर चार बोटं. केसभरही कमी नव्हती.

त्या दिवसापासून त्याने डूख धरला.

सायकल तीच ठेवली. बाकीच्यांनी कार्बनच्या हलक्याफुलक्या घेतल्या. मीठ पोलाद खातं, बाराही महिने चालवलीस तर हिचा भुगा होईल, असं बायको हिल्डा सांगून थकली. क्लाइव्ह दर ऑक्टोबरात सीटची दांडी उपसून ग्रीस लावायचा, फ्रेमच्या नळ्यांत तेल ओतून ती उलटीपालटी करायचा. पगार वाढला की एकेक भाग बदलायचा. आधी चाकं, मग गिअर, मग पावसातही धरणारे ब्रेक, मग डायनॅमोचा दिवा. होता होता फ्रेम सोडून मूळचं काहीच उरलं नाही. मडगार्डं क्लबात सगळ्यांत रुंद, आणि पट्टी जमिनीपासून दोन बोटांवर. काढा म्हणावं आता खोट. गारा असोत, धुकं असो, लेकीच्या लग्नाचा दुसरा दिवस असो, एक रविवार त्याने चुकवला नाही. गेल्या उन्हाळ्यात क्लबाने त्यालाच कप्तान केलं. तेव्हापासून तो दर रविवारी डग्लसची पट्टी चोरून बघायचा. पण म्हातारा पक्का, सदा चार बोटं. आज पहिल्यांदाच सापडला होता.

डग्लसने वाद घातला नाही. कप्तान म्हणेल तसं, एवढंच बोलून त्याने सायकल वळवली आणि शेवटी जाऊन उभा राहिला. क्लाइव्हचा विरस झाला. म्हातारा तणतणेल, लालबुंद होईल, चारचौघांत हसं होईल, असे मांडे त्याने किती वर्षं मनात खाल्ले होते. ठीक आहे, असं म्हणून तो पुढे झाला आणि त्याने वेग वाढवला. चढावर वाढवला, समोरून वारा आला तेव्हा आणखी वाढवला. जरा दमानं घे, डग्लस मागे पडला, असं कोणीतरी म्हणालं. शेवटी कसं चालवायचं ते मला त्यानेच शिकवलंय, क्लाइव्ह म्हणाला, आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.

वाटेवरच्या हॉटेलात चहा झाला, टोस्टवरचे बीन्स झाले, दुसरा चहा झाला. पंचवीस मिनिटांनी खिडकीतून डग्लस येताना दिसला. क्लाइव्ह एकटाच बाहेर गेला. ते तोंड त्याला जवळून बघायचं होतं.

डग्लस भिंतीला टेकून उभा होता. चेहरा राखेसारखा, एक हात छातीवर. त्याला बोलता येईना म्हणून क्लाइव्हने नजर सायकलकडे वळवली. पट्टी वर्षानुवर्षांच्या मिठाने पांढुरकी झाली होती. खालची कड मात्र काळीभोर, चकचकीत आणि वेडीवाकडी.

"ही कापलीस तू?"

"काल रात्री. घरच्या कात्रीने." डग्लसने दोनदा श्वास घेतला. डॉक्टर म्हणाले, छातीचा भाता संपला. सायकल सोडवत नव्हती आणि पुढे टिकवत नव्हतं. पण पन्नास वर्षं चालवलेल्या माणसाने तरण्याताठ्यांना कसं सांगायचं, माझ्यासाठी हळू चला म्हणून? पट्टीचं निमित्त झालं की शेवटी जाता येतं. शेवटच्याला धाप लागलेली कोणी बघत नाही. कप्तान वेग बेताचा ठेवतो आणि दिवस निभावतो. हे सगळं त्याने थांबत थांबत सांगितलं. "तू मात्र वेग फार ठेवलास."

सूड उगवायला आलेला माणूस, आणि म्हाताऱ्याने त्यालाच कामाला लावलं होतं. क्लाइव्हला भयंकर राग आला, आणि चाळीस वर्षं गिळलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

"माझी पट्टी चार बोटं होती, डग्लस. मी घरी जाऊन मोजली होती."

"मीही मोजलीच होती की," डग्लस म्हणाला. "पट्टी पुरेशी होती, पोरा. दम पुरत नव्हता."