शेवंतीने सांगितलेले शेवट

इन्स्पेक्टर हरिहरने अंगण खणायला सांगितलं आणि शेवंतीने टीव्हीचा आवाज बंद केला.

"पुन्हा बिघडला वाटतं," ती म्हणाली. "राहू दे आये, मी बघून सांगते."

सासू जनीबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे टीव्ही म्हणजे तिच्यासाठी रेडिओच. ही मालिका दर शनिवारी संध्याकाळी लागायची. इन्स्पेक्टर हरिहर धूळ खात पडलेल्या फायली काढायचा आणि वीस-वीस वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या माणसांचा छडा लावायचा. हुशार माणूस, पण त्याच्या हाताला गुण असा, की सापडलेला माणूस कधी जिवंत निघायचा नाही.

पडद्यावर अंगणातून हाडं निघाली.

"सापडला गो आये!" शेवंती म्हणाली. "सुरतेला खानावळ टाकलीय त्याने. बायकोला बघून रडतोय."

"रडू दे," म्हातारी म्हणाली.

गेलं वर्षभर शेवंती असे शेवट रचत होती. एका बेपत्ता माणसाला तिने दुबईला नोकरी लावली होती, एकाला साधू करून हिमालयात बसवला होता. थापा मारण्यात तिचा हात धरणारं कोपरीच्या कोळीवाड्यात आता कुणी उरलं नव्हतं.

हे सगळं नामासाठी. नामा म्हणजे शेवंतीचा नवरा, जनीबाईचा एकुलता एक मुलगा. पंच्याऐंशी साली तो होडी घेऊन खाडीत गेला. होडी उलटी सापडली, नामा सापडला नाही. वाड्यातल्या जुन्या माणसांचं म्हणणं असं, की माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो गेला म्हणायचं नाही. म्हणून आठ वर्षं झाली तरी शेवंतीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं. मुलगा येईल या आशेवरच म्हातारी जगते आहे, याबद्दल शेवंतीला शंका नव्हती. ती आशा मोडायची तिची छाती होत नव्हती.

पण आता उत्तम होता. कल्याणच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला, बिजवर, सरळ माणूस. मासळी बाजारात बर्फ उतरवता उतरवता त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. शेवंतीला तो मनापासून आवडला होता. पण हो म्हणायचं तर आधी नामा मेला म्हणायला हवं, आणि ते जनीबाईच्या तोंडावर कोण म्हणणार? दोनदा तिने त्याला परत पाठवलं. आज तो शेवटचं विचारायला आला होता आणि मालिका संपायची वाट बघत बाहेर ओट्यावर बसला होता.

शेवंतीने टीव्ही बंद केला आणि पदर सारखा केला. काय सांगायचं ते ठरलेलंच होतं, तरी पाय उचलत नव्हता.

"बाहेर बर्फवाला बसलाय ना?" जनीबाईने विचारलं.

"हो. उद्याच्या बर्फाचं विचारायला आलाय."

"बर्फाचं इचारायला कोनी अत्तर लावून येत नाय गो. त्याला नाय म्हनू नको."

शेवंतीचा चेहरा उतरला. "आणि नामा परत आला तर, आये?"

म्हातारीने चाचपडत हात पुढे केला. शेवंती तिच्याजवळ जाऊन बसली.

"शेजारची मंदाकिनी दर रविवारी मना खरा शेवट सांगते," जनीबाई म्हणाली. "मना वाटलं, नामा यावा असं तुलाच वाटतंय. म्हनून मी गप ऐकत होते."

"अगं, मी तर तुझ्यासाठी..." शेवंती म्हणाली.

"नामा नाय यायचा पोरी. तो गेला त्याच्या नवव्या दिवशी पोलिसांनी मना मुंब्र्याला नेलं होतं, आठवतं तुला?"

शेवंतीला आठवत होतं. आये संध्याकाळी एकटीच परत आली. डोक्यावरून आंघोळ केली. दुसऱ्याच कुणाचा तरी पोरगा होता, एवढंच म्हणाली आणि चूल पेटवायला बसली.

"तोंड वळखायजोगं नव्हतं," जनीबाई म्हणाली. तिने शेवंतीचा हात घट्ट धरून ठेवला होता. "पन पायाची बोटं मी वळखली. लहानपनी रोज तेल लावायची मी त्याला. आनि घरी तू होतीस. एकोनीस वर्सांची, लगीन होऊन चार म्हैने झालेले. तुझ्या बांगड्या फोडायला बायका यायच्या, ते मना दिसायला लागलं. हवालदार इचारत होता, बाई, नीट बघ, हा तुझा पोरगा का? मी नीट बघितलं. आनि मी बोलले, नाय."