तारेचं दही

रंगराव लंगडत अंगणात आला, तेव्हा प्रयागबाईंनी त्याला बसा म्हटलं नाही. कापलेल्या सोयाबीनचं खुट त्याच्या पायाच्या अंगठ्यात घुसलं होतं. जखम भरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टर अंगठा काढायची भाषा बोलला, त्या दिवसापासून रंगरावाने पट्टीला जाणंच सोडलं होतं.

"वहिनी, थे तुमचं तारेचं दही द्या बरं थोडकसं."

चमचा उचलला की त्या दह्याला तार सुटायची. सासूच्या सासूपासूनचं विरजण ते. थोरल्या लेकीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत याच रंगरावाने ती तार हातभर ताणून दाखवली होती आणि म्हशीला सर्दी झाली का, असं विचारलं होतं. पाहुणे ठसका लागेस्तोवर हसले. मानोऱ्याच्या बाजारात अजून प्रयागबाईंना सर्दीवाली म्हणतात. त्यानंतर बाईंनी परक्या पानात दही वाढलं नाही.

आता त्यांची भाची वैभवी अकोल्याच्या प्रयोगशाळेत त्याच दह्यावर काम करत होती. दह्यातले जंतू एक साखर तयार करतात, तीच ही तार. आणि ती वेगळी काढून लावली की जखमा लवकर भरतात, असं तिला दिसलं होतं. मात्र अजून फक्त उंदरांच्या. नुसतं दही थापाल तर पाय सडेल, हेही ती बजावून सांगायची. गावाने उंदीर आणि ही ताकीद वगळून बाकीचं ऐकलं.

वैभवी सुट्टीला आलेली, ओट्यावरच बसली होती. ती बोलणार तोच आत्याने तिला हाताने थांबवलं आणि आतून वाडगा भरून आणला. रंगराव पायाचं फडकं सोडू लागला.

"लावाचं नाही, भाऊजी. खाचं. इथंच, उभ्यानं. अन् तार तुटू देऊ नका."

शेजारपाजार गोळा झाला. रंगराव खात राहिला. मिशीपासून वाडग्यापर्यंत तार लोंबत होती. पुसायला जावं तर बोटांना चिकटे. कुंपणापलीकडून कुणीतरी शिंकलं. बाईंनी दुसरा वाडगा वाढला. मग उद्याच्या उद्या वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात जा, एकही पट्टी चुकवू नका, नाहीतर दह्याचा गुण येणार नाही, असा दम भरला. रंगराव मान डोलवत, हात जोडून गेला.

वैभवीने हळूच विचारलं, "आत्या, खाल्ल्यानं जखम भरते, हे तुले कोनं सांगतलं?"

प्रयागबाई वाडगा विसळत म्हणाल्या, "कोनंच नाही. पन माही भरली."