हेकरू आणि सैल दोरी

गळाला लागलेला हेकरू मासा खडकाच्या कपारीत काटे फुलवून घट्ट बसला. मी दोरी ओढून ओढून घामाघूम झालो.

"ओढू नकात, जावयबापू," सासरे म्हणाले. "दोरी सैल सोडा. कोण ओढीत नाय असा वाटला की तो आपसूक भायर येता."

तसंच झालं. वीतभर मासा पिशवीत पडला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रुसून माहेरी आलेल्या बायकोला मी कालपासून नुसता ओढतच होतो!

घरी जाऊन म्हणालो, "हवं तितकं राहा. मी उद्या एकटाच निघतो."

माशाची खवलं काढता काढता बायको हसली. "बाबांनी हेकरू दाखवला वाटतं? मलाही त्यांनीच सांगितलं होतं, फोन करू नको, दोरी सैल सोड. आलात ना आपसूक?"