वरचं मॉडेल

“ताई, हात लावून बघ ना! बुडाखालून गार हवा येते!”

धाकटा शोरूममधल्या त्या दांडग्या ऑफ-रोड गाडीत चढून बसला होता. थोरली खाली उभी होती. चाळिशी उलटलेला बाप्या सीटवर बूड सरकवून हवा नेमकी कुठून येते ते शोधतोय, हे बघून खरं तर तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“वरच्या मॉडेललाच आहे ही सोय,” सेल्सवाला म्हणाला. “शिवाय छताला काच, दारांना रंगीत दिवे.”

“आणि ते कोपऱ्यातलं?” थोरलीने विचारलं.

“ते मधलं मॉडेल, मॅडम. त्यात ह्यातलं काही नाही. साध्या कापडी सीटा. पण ती फोर बाय फोर आहे. चारही चाकं ओढतात. चिखल, दगड, उभा चढ, कुठेही घाला.”

“मग ही वरची?”

“हिची दोनच ओढतात.” त्याने आवाज जरा खाली आणला. “पण दिसायला सेम टू सेम. किंमतही जवळपास तीच.”

झालं! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज रजा टाकून ती इथे आली होती, ती काही दिवे बघायला नव्हे. बाबा टेकाडावरच्या घरात एकटे राहत. खुब्याच्या ऑपरेशनपासून ते टेकाड उतरले नव्हते, आणि धाकटा ते टेकाड चढला नव्हता. “रस्ता फार वाईट आहे गं, नुसता चिखल, गाडीचं पोट घासतं.” दरवेळी हेच. नाचता येईना, अंगण वाकडं! थोरली दर रविवारी औषधांची पिशवी घेऊन तोच रस्ता पायी चढे. तिचं पोट कधी घासलं नाही. परवा त्याने फोन करून सांगितलं, कुठेही चढणारी गाडी घेतोय, तेव्हा तिला वाटलं, गधड्याला अक्कल आली एकदाची. बाबांनाही तिनेच कळवलं. तेव्हापासून ते फोनवर फाटक रुंद करायच्या गोष्टी करत होते.

“मधली घे,” ती म्हणाली.

“अगं, पण त्या कापडी सीटा...”

“बाबांकडे मधलीच चढेल. ऐकलंस ना आत्ता?”

“ताई, बाबांकडे आपण जाऊन जाऊन किती वेळा जाणार? रोज जायचंय ते ऑफिसला. ट्रॅफिकमध्ये पाठ भिजते माझी, तुला काय माहीत!”

“आपण?” थोरली म्हणाली. “बरं. म्हणजे बापाचं तोंड बघायचं की बुडाला वारा घ्यायचा, एवढंच ठरवायचंय ना?”

सेल्सवाला उगाचच टाय नीट करू लागला. आता तरी धाकटा लाजेल, असं तिला वाटलं. कसला लाजतोय! तो गॉगल चढवून आरशात बघत होता.

“वरचंच,” त्याने सेल्सवाल्याला सांगून टाकलं. “फायनल.”

“झकास, सर! वरच्या मॉडेलवर आमच्याकडून ही भेट.” त्याने एक गुंडाळी उलगडली. तिच्यावर तपकिरी शिंतोडे छापलेले होते. “चिखलाचे स्टिकर. दारावर लावायचे, चाकांच्या वर लावायचे. गाडी जंगलातून आल्यासारखी वाटते. आणि धुतली तरी जात नाहीत.”

“अरे वा! एक लावून दाखवा की.”

सेल्सवाल्याने खिशातून फडकं काढलं. चिखल नीट चिकटावा म्हणून त्याने आधी दार लख्ख पुसून घेतलं. थोरलीला शिसारी आली. ज्या चिखलाचं नाव सांगून ह्याने बापाचं दार टाळलं, तोच आता गावभर मिरवणार. लहानपणी ह्याचा शेंबूड तिने आपल्या फ्रॉकला पुसला होता. तेव्हा कधी किळस वाटली नव्हती.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. धाकट्याने फुशारकीने स्पीकर लावला.

“घेतलीस का रे?”

“घेतली, बाबा! वरचं मॉडेल घेतलं. सगळ्यात वरचं!”

“वरचं?” बाबांचा आवाज एकदम चढला. “म्हणजे वर येणारं! शाबास रे माझ्या वाघा! दुसरं कुठलं घेतलं असतंस तर खालीच राहिलं असतं बघ. मग, कधी आणतोस?”

धाकट्याने स्पीकर बंद केला आणि फोन थोरलीच्या हातात कोंबला. “ताई, तूच सांग ना काहीतरी,” तो कुजबुजला आणि स्टिकर तिरका लागतोय म्हणत दाराकडे वळला.

थोरलीने फोन कानाला लावला. तिला खोटं बोलवेना, आणि खरंही बोलवेना.

“बाबा,” ती म्हणाली, “रविवारी मी येतेच आहे. पण ते फाटकाचं राहू द्या आता. खांब काढू नका.”

“काढू नका काय? कालच पाडला,” बाबा म्हणाले. “शेजाऱ्याला बोलावलं होतं. एवढी मोठी गाडी आत यायला नको? आता फाटक लागतच नाही गं. रात्रंदिवस उघडंच असतं.”