डाव्या पायाची चप्पल

दुसऱ्या गावातही महादेवाच्या पायरीशी लोकांनी फकिराला हटकलं. हटकणारच. ऐन शिवरात्रीला म्हातारा देवाकडे पाठ करून बसतो आणि लोकांच्या चपला उलट्या करून पाहतो, तर गावानं काय समजावं?

"काय बे बुढ्या, चोरी करून राह्यला का?"

"चांभार हाय जी. पोराले शोधून राह्यलो."

"पोरगा का चपलेत लपला हाय?"

लोक पोट धरून हसले. फकिरानं मनावर घेतलं नाही आणि पुढच्या गावाची वाट धरली.

वसंताचा डावा पाय जन्मापासून दोन बोटं तोकडा. म्हणून फकिरा त्याच्या डाव्या चपलेला दुहेरी तळ लावायचा. पोरगा धंदा सोडून पुस्तकात तोंड खुपसून बसतो, याचा सात वर्षांपूर्वी एकदा त्याला भारी राग आला. त्यानं पुस्तक हिसकलं आणि कातडं भिजवायच्या कुंडीत फेकलं. दुसऱ्या दिवशी वसंता घरात नव्हता. फकिरानं नंतर ती कुंडी फोडून टाकली, पण त्यानं काय होणार?

आता वसंताची आई, मैनाबाई, अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरनं हात टेकले होते. काल लामत्याच्या बांगडीवाल्यानं सांगितलं, की लालबर्ऱ्याकडच्या कुठल्याशा देवळात लंगडत चालणारा, वसंतासारखा माणूस दिसला. कुठलं देऊळ, ते काही त्याला आठवेना.

"मैना, आज त्याले घेऊनच येतो," असं सांगून फकिरा उजाडताच निघाला होता.

सात वर्षांत तोंड बदलतं, पाय बदलत नाही. आणि देवळाच्या दारात सगळेच चपला काढतात. चांभाराला एवढं पुरे होतं.

तिसऱ्या गावात काहीच हाती लागलं नाही. पुढं धानाच्या बांधावरून जाताना त्याच्याच चपलेचा अंगठा तुटला. पिशवीत आरी होती, दोरा होता, पण टाका मारत बसायला वेळ नव्हता. चप्पल हातात घेऊन तो तसाच चालत राहिला.

चौथ्या गावात पोचला तेव्हा ऊन कललं होतं. देवळाच्या भिंतीशी, बाकीच्या चपलांपासून दूर, एक जोड ठेवला होता. डावा तळ दुहेरी.

फकिरानं तो उचलला. टाका त्याच्याच घरचा होता, शेवटी दोनदा उलटा घेतलेला. चप्पल मात्र नवी होती, फकिरानं शिवलेली नव्हती. म्हणजे पोरानं धंदा सोडला नव्हता! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. इथंच कुठंतरी वसंतानं दुकान मांडलं असणार, असं त्याला वाटलं. जोड जवळ घेऊन तो बसून राहिला.

आरती संपली. माणसं बाहेर आली, आपापल्या चपला घालून पांगली. बरीचशी प्रसादासाठी अंगणात थांबली. तो जोड मात्र कोणी मागितला नाही.

"चांभार हाय जी. ह्या कोणाच्या?" त्यानं प्रसाद वाटणाऱ्या गावच्या जमीनदाराला, घनश्याम मालगुजाराला विचारलं.

"ए, हात नको लावू! पुजारी महाराजांच्या हायेत त्या. काशीचे पंडित हायेत. पाच साल झाले, गावाचं भाग्य म्हणून इथं राह्यले."

तेवढ्यात महाराज दारात आले. गळ्यात जानवं, कपाळाला गंध. डावा पाय जरा ओढत होते.

"क्या हुआ, घनश्यामजी?"

फकिरानं वर पाहिलं. महाराजांनी खाली पाहिलं.

फकिरानं धोतराच्या सोग्यानं जोड पुसला आणि होता तिथं ठेवला.

"काई नाई महाराज," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पोराले शोधून राह्यलो होतो. त्याची माय आता वाचत नाई, म्हणून. पण इथं माह्या वळखीचं कोणी नाई."

त्यानं दुरूनच हात जोडले आणि वळला. मैनाबाईला काय सांगायचं ते वाटेत ठरवता येईल. पोराचं पुस्तक एकदा बुडवलं होतं, पुन्हा बुडवायचं नव्हतं.

"महाराज, जरा थांबा," घनश्याम मागं म्हणत होता, "चपलेवर पानी शिंपडून घेतो."

महाराज थांबले नाहीत. अख्ख्या गावादेखत ते अनवाणी पायऱ्या उतरले, लंगडत फकिराजवळ आले आणि त्याच्या हातातली तुटकी चप्पल त्यांनी काढून घेतली.

"बस बा. टाका मारून देतो, मंग दोघं संगंच जाऊ मायपाशी."